अलास्काची क्रूझ : पेरणी आणि पोळ्याच्या मधल्या दिवसांत कोणता मार्ग घ्यावा?

समुद्रपूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा प्रश्न आहे. पोरगा सिएटलला नोकरीला. आई-बाबांना अलास्काच्या क्रूझवर पाठवायचं त्याच्या मनात आहे आणि त्यानं दोन पर्याय निवडून ठेवलेत. पहिला, सिएटलहून निघून सिएटललाच परत. सात रात्री, नवंकोरं जहाज, वर गो-कार्ट आणि पाण्याच्या घसरगुंड्या, हिमनदीसाठी एंडिकॉट आर्म. दुसरा, कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघून अलास्कातल्या व्हिटियरला उतरायचं. याही सात रात्री, पण जहाज जुनं, आणि हिमनद्यांसाठी ग्लेशियर बे व कॉलेज फ्योर्ड. काकूंचे गुडघे दुखतात, जेवण शाकाहारी लागतं. वेळेबद्दल गुरुजींनी लिहिलंय, "पेरणी आटोपली का निघतो, पण पोळ्याच्या आत घरी पाह्यजे." बघायचं दोनच गोष्टींसाठी : बर्फाचा कडा समुद्रात कोसळताना, आणि व्हेल.

गुरुजी, दुसरा पर्याय घ्या. पोराला वाईट वाटेल, त्यानं नवं जहाज हौसेनं निवडलं असणार, पण तुमच्या दोन्ही इच्छा त्या जहाजावर अर्ध्याच पुऱ्या होतील.

मी वर्षातला बराच काळ ताडोबात पर्यटक फिरवतो आणि उन्हाळ्यात विदर्भातली मंडळी घेऊन अलास्काला जातो. ताडोबाला येणारा जाणता माणूस रिसॉर्टचा स्विमिंग पूल बघून बुकिंग करत नाही. मोहर्लीचं गेट की कोलाऱ्याचं, सकाळची सफारी की दुपारची, हे आधी विचारतो. क्रूझचंही तेच आहे. जहाजाचे फोटो बाजूला ठेवा आणि रोजचं वेळापत्रक मागा. त्यात दोनच आकडे शोधायचे : हिमनदीच्या पाण्यात जहाज किती तास आहे, आणि जूनो बंदरात किती तास थांबतं.

एंडिकॉट आर्म वाईट नाही, हे आधीच सांगतो. जूनोच्या दक्षिणेला ही अरुंद, दोन्हीकडून उभे कडे असलेली समुद्राची खाडी आहे आणि तिच्या टोकाला डॉज हिमनदी पाण्यात उतरते. जागा सुंदर आहे. अडचण अशी की मोठं जहाज बहुधा पहाटे आत शिरतं, टोकाकडे जातं, वळतं आणि बाहेर पडतं, कारण त्याच दिवशी दुपारी त्याला जूनो गाठायचं असतं. पाण्यात तरंगता बर्फ जास्त असला की कप्तान लांबूनच वळवतो, आणि तो बरोबरच करतो. मग हिमनदी क्षितिजावर एक निळसर पट्टी म्हणून दिसते. जवळ जायचं असेल तर काही जहाजांवर वेगळे पैसे भरून छोट्या बोटीत उतरण्याची सोय असते. ती घेतली तर एंडिकॉटचा दिवस फार चांगला जातो, पण चालत्या पाण्यात एका बोटीतून दुसरीत उतरणं काकूंच्या गुडघ्यांना झेपेल का, ते तुम्हीच ठरवा.

शेजारची ट्रेसी आर्म ही खाडी पूर्वी जास्त लोकप्रिय होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा मोठा भाग कोसळला आणि पाण्याची प्रचंड लाट समोरच्या कड्यावर शेकडो मीटर चढली. हिमनदी मागे सरकली की तिच्या आधारानं उभ्या असलेल्या डोंगरउतारांचा टेकू जातो, त्यातून असं घडतं. त्यामुळे कुठल्या माहितीपत्रकात अजून ट्रेसी आर्म छापलेलं दिसलं, तर ते पत्रक जुनं आहे का, हे विचारून घ्या.

ग्लेशियर बेचा हिशोब वेगळा आहे. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर एका छोट्या बोटीनं येऊन तुमच्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. जहाज तिथे साधारण नऊ-दहा तास असतं आणि त्या दिवशी दुसरं बंदर नसतं, म्हणजे कोणाला घाई नसते. टोकाला मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं आणि सावकाश गोल वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. मार्जरीचा कडा पाण्याच्या वर सुमारे ७५ मीटर उंच आणि दीड किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. तिच्या बाजूलाच ग्रँड पॅसिफिक नावाची दुसरी हिमनदी आहे, पण ती दगडमातीनं इतकी झाकलेली असते की बरेच जण तिला मातीचा ढिगारा समजून पाठ फिरवतात. रेंजरला विचारा, तो दाखवेल.

या खाडीचा इतिहास गुरुजींना आवडेल म्हणून थोडा सांगतो. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची मोहीम इथून गेली तेव्हा खाडी अशी नव्हतीच. तोंडाशीच बर्फ होता. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर तिथे पोचला तोवर तोच बर्फ साठ किलोमीटरहून जास्त मागे गेला होता. आज जहाज तोंडापासून मार्जरीपर्यंत जातं ते अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणजे दिवसभर तुम्ही ज्या पाण्यावरून जाता, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होता. आत जाताना डोंगरांवरची झाडीही बघत राहा. तोंडाशी दाट जंगल, पुढे झुडपं, आणि टोकाला नुसता उघडा खडक. जिथला बर्फ आधी गेला तिथे जंगल आधी वाढलं. त्या बर्फाच्या आधी ही हुना ट्लिंगिट या मूळ रहिवासी लोकांची भूमी होती; हिमनदी पुढे सरकली तेव्हा त्यांना गाव सोडावं लागलं.

आता कडा कोसळण्याबद्दल. याची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून तिकीट घेऊ नका. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे समोर जास्त वेळ थांबणं, जे ग्लेशियर बेमध्ये आपोआप मिळतं. दुसरी, आवाजाची वाट न बघणं. जहाज कड्यापासून किलोमीटरभर लांब असेल तर आवाज यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. धडाम ऐकून मान वळवली तर फक्त उसळलेलं पाणी दिसतं. कड्याचा एकच भाग निवडा, जिथून बारीक तुकडे पडताहेत असा, आणि नजर तिथेच ठेवा. मोठा तुकडा बरेचदा त्याच जागी सुटतो. हे सांगूनही आमची अर्धी मंडळी त्याच वेळी कडेकडेनं सेल्फी काढत असतात, त्याला इलाज नाही.

कॉलेज फ्योर्ड हा दुसऱ्या पर्यायातला वरचा लाभ. प्रिन्स विल्यम साउंडमधल्या या खाडीत हिमनद्या ओळीनं उतरतात. १८९९ च्या हॅरिमन मोहिमेनं त्यांना अमेरिकेतल्या कॉलेजांची नावं दिली, म्हणून हार्वर्ड, येल, स्मिथ, व्हॅसर. पण इथे जहाज संध्याकाळी पोचतं आणि ढग खाली आले तर काहीच दिसत नाही. मिळालं तर छान, एवढंच धरून चाला. पाण्यावर पाठीवर पडून तरंगणारे समुद्री ऑटर (पाणमांजरं) मात्र इथे चांगले दिसतात.

ग्लेशियर बेचं तिकीट तुमच्या तारखांना मिळालंच नाही तर तिसरा पर्याय हबर्ड हिमनदीचा धरा. ती १२२ किलोमीटर लांब आहे, पाण्याकडचा तिचा कडा सुमारे दहा किलोमीटर रुंद आहे, आणि बाकीच्या बहुतेक हिमनद्या मागे सरकत असताना ही पुढे येते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिनं पुढे येऊन रसेल फ्योर्डचं तोंडच बंद करून टाकलं होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला समोर तरंगता बर्फ फार असतो आणि जहाजाला लांब थांबावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये जवळ जाण्याची शक्यता वाढते. एंडिकॉट आणि हबर्ड यांत निवडायचं झालं तर मी डोळे मिटून हबर्ड घेईन.

व्हेलच्या बाबतीत मोठ्या जहाजावर फार विसंबू नका. दहाव्या-बाराव्या मजल्यावरून लांबवर फवारा दिसतो, कधी पाठ दिसते, आणि जहाज काही तुमच्यासाठी थांबत नाही. खरी व्हेल बघायची ती बंदरातून निघणाऱ्या छोट्या बोटीतून. जूनोहून गाडीनं ऑक बे नावाच्या धक्क्यावर नेतात आणि तिथून बोट सुटते. सगळं मिळून तीन-चार तास जातात. या बोटींना बंद, उबदार केबिन आणि स्वच्छतागृह असतं, काकूंना काचेतून बसून बघता येतं. म्हणून जूनोचे तास विचारा म्हटलं. तिथे आठ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर व्हेल आणि जूनोजवळची मेंडेनहॉल हिमनदी दोन्ही होत नाहीत. गुरुजी, किनाऱ्यावरच्या सगळ्या सहलींमधली एकच घ्यायची असेल तर ही घ्या, हेलिकॉप्टर नको. हेलिकॉप्टर बर्फावर उतरवतं, फोटो झकास येतात, पण ते फार महाग असतं आणि ढगांमुळे ऐनवेळी रद्दही होतं.

दिसणारी व्हेल बहुतेक हंपबॅक असेल, बारा ते पंधरा मीटर लांब. हिवाळ्यात या व्हेल हवाईच्या उबदार पाण्यात असतात आणि तिथे जवळजवळ उपाशी राहतात. अलास्कात येतात त्या खाण्यासाठीच. त्यामुळे उन्हाळाभर त्या हेरिंगसारख्या माशांच्या मागे असतात. कधी आठ-दहा व्हेल मिळून खालून बुडबुड्यांचं कडं करतात, मासे मध्ये कोंडतात आणि सगळ्या एकदम तोंड उघडून वर येतात. हे दिसलं तर नशीब. पक्ष्यांचा थवा एका जागी वर घिरट्या घालताना दिसला की तिकडे नजर ठेवा. कायद्यानं बोटीला हंपबॅकपासून शंभर यार्ड लांब राहावं लागतं, म्हणून "अजून जवळ घ्या" असं कप्तानाला म्हणू नका. आपल्याकडं जिप्सीत जे ऐकावं लागतं तेच तिथेही ऐकलंय मी.

आणखी एक बंदर वेळापत्रकात दिसलं तर आनंद माना : आइसी स्ट्रेट पॉइंट. हूना गावाजवळचं हे ठिकाण व्हेलसाठी जूनोपेक्षाही चांगलं, कारण बोट निघाली की थोड्याच वेळात व्हेलच्या पाण्यात असते.

अस्वलं बघायची तर तुमच्या तारखा उत्तम आहेत. जुलैच्या मध्यापासून सॅमन मासे नद्या-ओढ्यांत चढतात आणि अस्वलं काठावर येतात. मेंडेनहॉलच्या पर्यटन केंद्राजवळ स्टीप क्रीक नावाचा ओढा आहे, त्याच्यावर लाकडी पायवाट बांधली आहे, चढ फारसा नाही. तिथे काळं अस्वल दिसू शकतं. ग्लेशियर बेमध्ये जहाज साउथ मार्बल बेटाजवळून जातं तेव्हा खडकांवर स्टेलर सी लायन (समुद्रसिंह) पसरलेले असतात, त्यांचा वासही येतो. ग्लूमी नॉब नावाच्या कड्यावर पांढरे ठिपके हलताना दिसले तर त्या पहाडी शेळ्या. दुर्बीण आठ पटींची न्या. चालत्या जहाजावर जास्त पटींची हातात थरथरते.

तारखांचं म्हणाल तर, क्रूझचा हंगाम एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिना तिथे सगळ्यात कोरडा आणि गर्दीही कमी, पण तुम्ही तेव्हा बी-बियाण्यांच्या धावपळीत. तुमच्यासाठी जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य. डवरणी-निंदणाचं कोणाकडं तरी सोपवून जावं लागेल, पण पोळ्याच्या आत आरामात घरी याल. पाऊस लागणारच. केचिकान गावात वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या वर्ध्याच्या तिपटीहून जास्त. पण तो आपल्यासारखा धो-धो कमी, रिपरिप जास्त. दिवसा तापमान बारा ते अठरा अंश. नागपूरच्या थंडीतला स्वेटर पुरतो, त्यावर पाणी आणि वारा न शिरणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे. हिमनदीसमोर वारा फार बोचरा असतो. छत्री डेकवर कामाची नाही.

समुद्र लागण्याची भीती दोन्ही मार्गांत सारखीच आहे, फक्त जागा वेगळ्या. सिएटलची जहाजं साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिकमधून जातात. व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज बेटाच्या आतल्या शांत पाण्यातून जातं, जॉनस्टन सामुद्रधुनीत ओर्का (किलर व्हेल) दिसण्याची शक्यता असते. पण शेवटी अलास्काचं आखात ओलांडताना एक दिवस-रात्र खुला समुद्र लागतो. जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्या, हेलकावे कमी जाणवतात. बाल्कनीची खोली महाग असली तरी तुमच्याबाबतीत मी तीच सांगेन, कारण काकूंना दिवसभर डेकवर उभं राहणं जमणार नाही. उत्तरेकडे जाताना किनारा उजव्या हाताला राहतो, म्हणून बाल्कनी उजव्या बाजूची. ग्लेशियर बेमध्ये बाजूनं फरक पडत नाही.

स्कॅगवे बंदरातून व्हाइट पास रेल्वे घ्यायची तर घ्या, गुडघ्यांना काही त्रास नाही. १८९८ ते १९०० मध्ये, सोनं शोधायला निघालेल्यांच्या लाटेत बांधलेली ही तीन फुटी नॅरोगेज. आपली विदर्भातली शकुंतला गाडी अडीच फुटी होती. फरक एवढाच की त्यांनी त्यांची चालू ठेवली. डेनाली राष्ट्रीय उद्यानाची जोड सहल मात्र एजंट गळ्यात मारायला बघेल, ती या वेळी नको. २०२१ मध्ये तिथला उद्यानाचा रस्ता दरडीमुळे ४३ व्या मैलापासून पुढे बंद झाला आणि तिथे पुलाचं काम हाती घेतलं. त्याचं काय झालं ते निघण्याआधी बघा, पण तरी लांबचा बसप्रवास काकूंच्या गुडघ्यांना आणि तुमच्या सुट्टीला परवडणारा नाही.

शंभरच्या आत प्रवासी घेणारी छोटी जहाजंही असतात, ती निवांत फिरवतात आणि रबरी बोटीतून किनाऱ्यावर नेतात. वन्यजीवांसाठी त्यांना तोड नाही. किंमत ऐकून मात्र पोरगा फोन ठेवून देईल, आणि त्यांत बोटीतून सारखं चढावं-उतरावं लागतं.

गर्दीचा एक मुद्दा राहिला. जूनोनं २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घ्यायचं ठरवलं, आणि २०२६ पासून जहाजांवरच्या खाटांवरही मर्यादा आहे : इतर दिवशी १६,००० आणि शनिवारी १२,०००. म्हणजे तुमचं जहाज जूनोला शनिवारी असेल तर तेवढीच गर्दी कमी. कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात किती जहाजं आहेत, याची वेळापत्रकं इंटरनेटवर मिळतात. पोराला पाच मिनिटांचं काम आहे.

जेवणाची काळजी करू नका. बुकिंग करतानाच "भारतीय शाकाहारी" असं लिहून द्यायचं आणि पहिल्या दिवशी जेवणघरातल्या प्रमुखाला भेटायचं. वरण-भात, भाजी, पोळीसारखं काहीतरी बहुतेक मोठ्या जहाजांवर मिळतं. शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटात न्या आणि अमेरिकेत उतरताना खाण्याचे पदार्थ आहेत असं फॉर्मवर खरं सांगा. फळं, कढीपत्ता, बी-बियाणं बॅगेत चुकूनही नको. शेतकऱ्याच्या बॅगेत कुठल्या तरी खिशात चार दाणे निघतातच, बॅग झटकून घ्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. विम्यात समुद्रावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च आहे का, ते वाचा आणि बीपी-शुगर असेल तर लपवू नका.

आता कागदपत्रं, इथे लोक फसतात. पोराला वाटत असेल की सिएटल-सिएटल जहाजाला फक्त अमेरिकेचा व्हिसा पुरेल. तसं नाही. १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून निघून तिथेच परत यायचं असेल तर मध्ये परदेशी बंदराला लागावं लागतं. म्हणूनच ही जहाजं शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. तुम्ही खाली उतरा किंवा खोलीत झोपा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतोच. नसेल तर सिएटललाच जहाजावर चढू देत नाहीत. म्हणजे दोन्ही पर्यायांत कॅनडाचा व्हिसा काढायचाच आहे, तेव्हा त्या कारणानं पहिला पर्याय सोपा ठरत नाही. अमेरिकेचा व्हिसाही अनेक वेळा प्रवेश देणारा हवा, कारण कॅनडात जाऊन तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरता.

सिएटल ते व्हँकुव्हर अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पोरगा गाडीनं सोडेल, नाहीतर रेल्वे आहे. आदल्या दिवशीच पोचा, सीमेवर रांग लागते. व्हिटियरला उतरल्यावर बाहेर पडायला चार किलोमीटरचा एकच बोगदा आहे, आगगाडी आणि मोटारी आळीपाळीनं त्यातूनच जातात, वेळेला धरून. तिथून अँकरेज शंभर किलोमीटर. अँकरेजहून सिएटलचं विमान त्याच दिवशी दुपारनंतरचं घ्या, सकाळचं नको.

क्रम असा ठेवा : आधी अमेरिकेचा व्हिसा, कारण मुंबईच्या मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा नेम नसतो. तो हातात आला की कॅनडाचा अर्ज. जहाजाची खोली दरम्यान परत मिळू शकणाऱ्या रकमेवर धरून ठेवता येते. भरलेले पैसे कुठल्या तारखेपर्यंत परत मिळतात ते पोराला लेखी मागायला सांगा, आणि दोन्ही व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत उरलेली रक्कम भरू नका.